साटीनमधले हात

मी एक जुनी लाकडी बाई आहे, मित्रांनो. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका पोटमाळ्यावर पडून असते. मला डोकं आहे, पण नाक-डोळे नाहीत. माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

सुताराने माझे सांधे असे बसवले, की वळवाल तशी मी वळते. चित्रकार एव्हरार्द यांनी मला विकत घेतलं. श्रीमंत बायकांना आठवडेच्या आठवडे एका जागी कोण बसवणार? त्या चेहऱ्यापुरत्या यायच्या आणि झगा पाठवून द्यायच्या. तो घालून मी बसायची. खिडकीतला उजेड साटीनवर उतरायचा, आणि मी हलत नसे म्हणून एकही चुणी मोडत नसे. चित्र पुरं झालं की लोक म्हणायचे, बाईंचं बसणं किती खानदानी! बसले मी, कौतुक तिचं. जळफळाट होणार नाही तर काय?

सगळ्यांत जास्त जळले ती मादाम ओर्तांसवर. रेशमाच्या बड्या व्यापाऱ्याची ही नवी बायको. चेहरा असा, की उजेडही आधी तिच्याकडेच जायचा. तिच्या चित्रात निदान हात तरी माझे होते, निळ्या साटीनवर अलगद ठेवलेले. तेवढ्यावर मी खूश होते. पण एके सकाळी एव्हरार्द म्हणाले, हात फार लाकडी वाटतात, पुसून बाईंचेच काढतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मादाम आली, पण हातमोजे काढीना. एव्हरार्दनी फारच गळ घातली, तेव्हा काढले. हात लाल, भेगाळलेले. लग्नाआधी ती नदीकाठी राखेच्या पाण्यात लोकांचे कपडे धुवायची. सासरच्या बड्या पाहुण्यांना याचा पत्ता नव्हता, आणि चित्र लागणार होतं सासरच्याच दिवाणखान्यात, त्यांच्या डोळ्यांसमोर.

एव्हरार्दनी उचललेला कुंचला खाली ठेवला. तिने माझा हात हातात घेतला.

"हिचेच राहू द्या," ती त्यांना म्हणाली. मग हळूच माझ्याकडे वळली. "तुझा हेवा वाटतो गं मला. तुला कधी कुणी धुणं नाही सांगितलं."

माझा हेवा! आयुष्यभर मी ज्यांच्यावर जळले, त्यांतली एक माझ्यावर जळत होती. मला काय वाटावं तेच कळेना.

हात तसेच राहिले. चित्र आता संग्रहालयात आहे म्हणतात. त्याची धूळ रोज पुसतात, आणि मला इथे वाळवी खाते. खोटं कशाला बोलू, जळफळाट अजून गेलेला नाही. पण मित्रांनो, कधी त्या चित्रासमोर उभे राहिलात तर चेहऱ्यावरच थांबू नका. खाली हातांकडे बघा. ते माझे आहेत. आणि तिचे कुठे गेले, तेवढं तिला मनातल्या मनात विचारा.