गोल टोकाची सुई

आमच्या कारखान्यात सुई तुटली की काम थांबतं. कारखाना म्हणजे काही फार मोठा नव्हे. नऊ मशीन, कापणीचं एक लांब टेबल आणि मालकीणबाईंची काचेची खोली. सुती होजिअरीचे कपडे शिवतो आम्ही, योगासनांना घालायचे आणि घरीदारी वावरायचेही. नियम असा, की तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधायचे, वहीच्या पानावर जुळवून चिकटपट्टीनं लावायचे, मालकीणबाईंना दाखवायचे. मगच नवी सुई मिळते. "सुई हरवली तर पोर हरवल्यासारखी शोधा," असं त्या म्हणतात. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.

परवा दुपारी चारच्या सुमाराला माझी सुई तुटली. गर्भवती बायकांच्या योगवर्गासाठी अठरा टॉप द्यायचे होते. पोटाशी सैल, काखेत न काचणारे. आमची सूनबाई त्याच वर्गाला जाते, तिला सातवा चालू आहे. तिच्याच शब्दावर काम आलं होतं, म्हणून मी हौसेनं म्हटलं होतं, सगळे मीच शिवते. चौदाव्याची खालची दुमड घालताना टक् असा आवाज आला आणि मशीन अडलं.

दोन तुकडे लगेच मिळाले. टोक मिळेना. अंगावरचा टॉप झटकला, मशीनखाली लोहचुंबक फिरवलं, डावीकडच्या टोपलीत तयार टॉपची चळत होती तीही वरवर चाळली. बाहेर टेम्पो उभा. कापणीवाले मास्तर घड्याळ बघत म्हणाले, "काकू, सुई शोधताय का विहीर खणताय?" अर्ध्या तासानं पायपट्टीखालच्या कापसाच्या बुरात काहीतरी चमकलं. चिमटीत धरलं तर मधल्या बोटाला टोचलं, रक्ताचा ठिपका आला. "सापडलं!" म्हणून मी इतक्या जोरात ओरडले की मास्तर दचकले.

वहीत लावताना ते दुसऱ्या तुकड्याशी नीट बसत नव्हतं. तुटताना कड वाकली असेल, असं मी मनाशी म्हटलं. मालकीणबाईंनी चष्मा न लावताच सही केली. सहाला गठ्ठा रवाना झाला.

माझा सकाळचा नेम आहे. अंघोळ करून जपाला बसायचं आणि जप संपेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. काल सकाळी बसले तर प्रत्येक मण्याला मधलं बोट दुखायचं. दोन माळा तशाच झाल्या. तिसऱ्या माळेला मनात आलं, दुखतंय कशानं? टोचलं म्हणून. टोचलं कसं?

आणि हात जागच्या जागी थांबला.

होजिअरीच्या सुईचं टोक गोल असतं. हे कापड विणलेल्या फासांचं. गोल टोक फास बाजूला सारून मधून जातं. अणकुचीदार सुई वापरली तर फास तुटतो आणि भोक पळत सुटतं. बावीस वर्षं मी गोल टोकाच्या सुईवर बसते. ते टोक बोटात रुतत नाही. मी वहीत लावलं ते पलीकडच्या, पिशव्या शिवायच्या मशीनच्या सुईचं टोक होतं, कोण जाणे कधीपासून बुरात पडलेलं. मग माझं टोक कुठं होतं? गोल म्हणून ते निरुपद्रवी नव्हे. जिथून तुटतं ती बाजू करवतीसारखी असते.

आणखी एक प्रश्न त्याच्या मागोमाग आला. ते जुळत नाही हे मला परवाच कळलं होतं की नाही? मी माळ खाली ठेवली. अकरा वर्षांत अर्धी ठेवली नव्हती.

"सूनबाई कुठंय?"

मुलगा दाढी करत होता. त्याचा हात तसाच गालावर राहिला. "आई? तू बोललीस? झाला नेम?"

"ती कुठंय ते सांग."

"वर्गाला गेली. आज नवीन टॉप मिळणार म्हणून नाचतच गेली. काय झालं?"

फोन लावला, वाजत राहिला. वर्गात सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत ठेवायला लावतात. शिवणाच्या डब्यातलं टाचण्या उचलायचं लोहचुंबक मुठीत घेतलं आणि पायांत येईल ती चप्पल घालून निघाले. बसमध्ये बसायला जागा होती, मी उभीच राहिले. त्या बायका कुशीवर निजतात, पोटाखाली उशी घेतात, टॉप अंगाखाली येतो. वर्गाचा सगळा क्रम सूनबाईनं मला घरात करून दाखवला होता. तो आता एकेक करून डोळ्यांपुढं येत होता.

पोचले तेव्हा कोऱ्या कापडाचा वास खोलीभर होता. निम्म्यांनी टॉप घातले होते, बाकीच्या पडद्यामागं होत्या. आरशासमोर एकच गलका.

"अगं, मी यात भोपळा दिसते!"

"भोपळाच आहेस तू. टॉपला कशाला नावं ठेवतेस?"

शिकवणाऱ्या ताईंनी मला पाहिलं. "या या काकू! बघा, तुमच्या हातची जादू. बायांनो, हे यांनी शिवलेत बरं का."

टाळ्या वाजल्या. सूनबाई कोपऱ्यातून हसली. खरं सांगायला तोंड उघडलं आणि तिचं ते अभिमानानं फुललेलं तोंड दिसलं. मालकीणबाई दिसल्या, त्यांची सही दिसली. माझ्या तोंडून निघालं, "धुवायचं कसं ते सांगायला आले होते. आणि एक, होजिअरी कोरी घालू नये. पहिलं धुणं झाल्याशिवाय अंगाला लावू नका. काढा बरं सगळ्या. माझ्याकडे द्या, दाखवते."

यात खोटं काहीच नव्हतं. कोऱ्या कापडाला खळ असते, रंग असतो, नाजूक अंगाला खाज सुटते. पण खरं बोलून खोटं लपवता येतं, हे मला तेव्हा कळलं.

कुरकुर करत त्यांनी काढले. मी सतरंजीवर बसले, मांडीवर टॉपचा ढीग घेतला. मुठीतलं लोहचुंबक तळहाताशी दाबलं.

"आधी उलटा करायचा. असा." पहिला टॉप उलटा केला, हात आत घातला, खांद्यापासून दुमडीपर्यंत तसूतसू फिरवला. "बाहेरची बाजू घासली जात नाही, रंग टिकतो. पाणी थंड. साबण बेताचा."

"मशीनला लावला तर?"

"लावा, पण जाळीच्या पिशवीत. आणि हूकवाल्या कपड्यांबरोबर नको, फास ओढले जातात." पहिला मोकळा. दुसरा. तिसरा.

"माझे टॉप दोन महिन्यांत गुडघ्यापर्यंत लोंबतात हो, काकू."

"दोरीवर खांद्यानं टांगत असाल. ओली होजिअरी स्वतःच्याच वजनानं लांबते. पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि आडवी पसरायची. सावलीत." सहावा. सातवा. माझा आवाज मलाच लांबून येत होता.

"आणि चांगलं कापड ओळखायचं कसं?" ताईंनी विचारलं. त्यांना पाठ मिळाल्याचा आनंद झाला होता.

"ताणून सोडायचं. लगेच जागेवर आलं तर घ्यावं. उजेडाला धरून बघावं, वीण सगळीकडे सारखी..."

टिक्.

तळहाताला काहीतरी चिकटलं होतं. मी हात बाहेर काढेना. सगळ्या बघत होत्या. हळूच मूठ वळवून पाहिलं तर केसांतली काळी पिन.

"अय्या, माझी!" भोपळा म्हणवून घेणारी हसत म्हणाली. "मघापासून शोधतेय. काकू, तुम्ही तर जादूगार निघालात!"

मी हसले म्हणे. सूनबाई मात्र हसली नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि खाली वाकून पुटपुटली, "आई, मुठीत काय धरलंय?"

"काही नाही."

"तुम्ही कधी असं म्हणत नाही."

बारा. तेरा. चौदा, सुई तुटली तेव्हा माझ्या मशीनवर होता तोच. दुमडीचा धागा मध्येच बदलला होता त्यावरून ओळखला. मोकळा. पंधरा. सोळा. सतरा. ढीग संपला.

"अठरावा कुठं?"

"अहो, तो वर्गातल्या आणखी एकीचा!" ताई म्हणाल्या आणि खोलीत पुन्हा गलका उठला. "शेजारच्याच इमारतीत राहते ना, काल संध्याकाळीच घेऊन गेली. आणि ऐका तर, पहाटे मुलगी झाली! दिवसांच्या आधी, पण दोघी सुखरूप. आत्ताच तिच्या सासूबाईंचा निरोप आला."

मी उठायला गेले. सूनबाईनं दंडाला धरलं. आता सांगण्यावाचून वाटच नव्हती. त्या अठराव्यापर्यंत माझा हात पोचणार नव्हता.

"माझी सुई तुटली होती," मी म्हटलं. "टोक सापडलं नाही. सापडलं असं मी सांगितलं. ते या सतरांत नाही."

मघाची पिनवाली दोन्ही हात पोटावर ठेवून मागं सरकली. तिचं ते मागं सरकणं मी विसरायची नाही.

"फोन लावा, ताई. बाळाच्या आजींना. मोठ्यानं ऐकू येईल असा लावा."

पलीकडून आनंदानं भरलेला आवाज आला. "काय मेलं गोजिरं आहे हो! आणि तुमचा तो टॉप काय मऊ! दवाखान्याची चादर खरखरीत. हा कोरा हाताशी होता, घडी करून बाळाच्या डोक्याखाली घातलाय. कशी निजलीय बघा..."

"आजी," मी म्हटलं, "बाळाला उचला."

"कोण बोलतंय?"

"आधी उचला. मग सांगते."

खाट करकरली. मग रडणं, बारीक, धारदार.

"का रडतेय ती? काही लागलंय का?"

"झोपेतून उचललं तर रडणारच की! पण काय झालं ते सांगाल का?"

सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. ताईंनी परत लावला, घेतला नाही. वर्गातल्या बायका आपापले जुने कपडे चढवत होत्या. सूनबाईनं मला पाणी आणून दिलं. पेला माझ्या हातात न देता तिनं स्वतः धरून पाजला. मी मनातल्या मनात नाव घ्यायला सुरुवात केली, पण दोन अक्षरांपुढे जाईना. प्रत्येक वेळी मध्येच ते रडणं यायचं.

अकरा मिनिटांनी फोन वाजला.

"सापडलं," आजी म्हणाल्या. आवाजातला गोडवा पार गेला होता. "काखेच्या शिवणीजवळ, आतून. फासांत अडकलं होतं. तुटकी बाजू माझ्या अंगठ्यात घुसली तेव्हा कळलं."

"आणि बाळ?"

"डॉक्टर बघताहेत." फोन ठेवला.

मालकीणबाईंना मीच फोन केला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "सही माझीही होती. तुकडा घेऊन या. मशीनवर बसायचं की नाही ते पुढं बघू."

सूनबाई माझ्याबरोबर निघाली. मी नको म्हटलं, इतकं चालायचं नाही म्हटलं. "आई, तुम्ही एकट्या गेलात तर रस्ता चुकाल," एवढंच म्हणून तिनं माझा हात धरला. दवाखान्याच्या जिन्यावर ती पायरी पायरीला थांबत होती. मला वाटलं पोटामुळं. वर पोचल्यावर पाहिलं तर माझ्यासाठी थांबत होती.

आजी व्हरांड्यातच उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या. अंगठ्याला पट्टी. त्यांनी औषधाच्या बाटलीचं टोपण पुढं केलं. आत कापसावर ते टोक, तिळाहून थोडं मोठं.

"डोक्याला काही नाही," त्या म्हणाल्या. "कानामागं एक ओरखडा आहे, लांबट. डॉक्टर म्हणतात स्वतःच्या नखाचाही असेल, नव्या बाळांची नखं धारेची असतात. सांगता येत नाही म्हणतात. दोन दिवस लक्ष ठेवू म्हणाले."

"नखाचाच असेल," सूनबाई चटकन म्हणाली.

आजींनी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला काय वाटतं?"

हो म्हणणं सोपं होतं. ऐकायलाही त्यांना तेच हवं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "माझ्या टोकाचा असू शकतो."

त्यांनी मान हलवली, कशाला ते कळलं नाही. आत जायला वळल्या. मी विचारायला नको होतं, पण विचारलं, "बघू का तिला?"

त्या दारात थांबल्या. आतून आईचा थकलेला आवाज आला, कोण आहे म्हणून. आजी आत न बघताच मला म्हणाल्या, "लांबून. हात लावायचा नाही."

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि उंबऱ्यापाशी उभी राहिले. बाळ खिडकीच्या बाजूला तोंड करून निजलं होतं. ओरखड्याचा कान मला दिसत नव्हता. दुपारपर्यंत मी तिथंच उभी होते, कधीतरी ते मान वळवेल म्हणून.