बारशाची कॅसेट

"ही पुसून पुन्हा भरता येती. अन् ही एकदा भरली की भरली," असं म्हणत व्हिडिओ शूटिंगवाल्या खाजा मियांनी दोन कोऱ्या डिस्क दुकानाच्या काउंटरवर ठेवल्या.

पुंजाजींनी पुसता येणारी उचलली. "हीच बराबर. वाया तं जात न्हाई."

"बाबा, ठिवा ती खाली," करुणा म्हणाली. कडेवरची चिमी काउंटरवरच्या चकाकत्या डिस्ककडे झेपावत होती. "पुसायचीच असती तर पुसेगावहून कळमनुरीला काहून आलो असतो?"

"पेनड्राइव्हात देऊ का, बेटी?"

"नको चाचा. घरी धाकला दीर हाय, बंटी. पेनड्राइव्ह हाती लागला की आईला काढून पिच्चर भरंल."

पुंजाजींना तरी पटेना. उभा जन्म त्यांनी पुसेगावात नळाला पाणी सोडण्यात घालवला. व्हॉल्व्हचं झिजलेलं रबर उलटं करून आणखी वर्षभर चालवणारा माणूस. एकदाच वापरायची वस्तू त्यांना माजोरीच वाटायची.

डिस्कवर उतरवायची कॅसेट करुणाच्या बारशाची होती. खाजा मियांनीच काढलेली. करुणा सहावीत असताना तिची आई, पद्माबाई, गेल्या, तेव्हा घरात मोबाइलही नव्हता. त्यांचा आवाज कुठे असेल तर तो या कॅसेटीत, पाळणा म्हणताना. चिमीला निजवताना करुणा त्या पाळण्याच्या पहिल्या ओळीवरच अडकायची. चाल आठवायची, शब्द काही केल्या सापडायचे नाहीत.

खाजा मियांनी कॅसेट आत सारली. पडद्यावर आधी आडव्या रेघा नाचल्या, मग अंगण उजळलं. फुलांनी मढवलेला पाळणा. पाळण्याची दोरी धरून पद्माबाई. त्यांचे ओठ हलू लागले आणि दुकानभर सनई, ढोलक आणि कुठल्याशा सिनेमाचं गाणं घुमलं.

"आवाज?" करुणा म्हणाली. "आईचा आवाज कुठंय?"

खाजा मिया टोपी सारखी करत म्हणाले, "तवा तसंच होतं, बेटी. फोटू आपला, गाणी पिच्चरची. या भाऊंनीच सांगितलं व्हतं, चांगली गाणी टाका म्हणून."

"भांड्यांचा लई आवाज येऊन राहिला होता," पुंजाजी हळूच बोलले. "मला वाटलं, पाव्हण्यांत शोभा दिसंल."

"मग गाणी काढा ना, चाचा."

"काढली तं खाली कायबी न्हाई. आवाजावरच गाणं भरलेलं हाय. अन् शूटिंगची मूळ कॅसेट मी पुसून पुढच्या शादीला वापरली."

करुणाने चिमीला छातीशी घेतलं आणि पडद्याकडे पाठ केली.

"परत लावा," पुंजाजी म्हणाले. "गाणं बंद करून."

आता पद्माबाई मुक्यानेच झोका देत होत्या. पुंजाजी पडद्याच्या अगदी जवळ सरकले. त्यांचेही ओठ हलत होते, तिच्या ओठांबरोबर. करुणाने वळून पाहिलं.

"तुमाला येतो पाळणा?"

"रोज माझ्या बाजंशेजारीच म्हणायची. कान काय बुजले व्हते माझे?"

"मग इतकी वर्षं म्हणला काहून न्हाई?"

"बाप्या माणसानं पाळणा म्हणावा व्हय?" पुंजाजी चाचरले. "लोकं हसतील."

"हसू द्या की," खाजा मिया माइकची वायर सोडवत म्हणाले. "शादीत माइक सोडत न्हाईत ते समदे बाप्येच असत्यात. दोन दोन तास. तुमी तर पाळणाच म्हणून राहिले."

पुंजाजींनी माइक हातात घेतला, तोटी धरावी तसा, मूठ आवळून. मग काउंटरवरची पुसता येणारी डिस्क त्यांनी बोटाने बाजूला सारली.

"हिच्यावर न्हाई, मियाभाई. त्या दुसरीवर घ्या. पुसायला नको."

"आवाज कसाबी आला तरी?"

"कसाबी."

चित्र मागे नेलं गेलं. पुंजाजींचा आवाज खरखरीत, चाल निम्मी सुटलेली. पण नजर तिच्या ओठांवरून हलत नव्हती. तिने ओळ धरली की ते धरत, तिने श्वास घेतला की तेही घेत. हरवलेले शब्द एकामागून एक करुणाच्या कानावर येऊ लागले. चिमीने मान तिच्या खांद्यावर टाकली.

मध्येच पडद्यावरच्या पद्माबाई थांबल्या. कॅमेरा आपल्याकडेच आहे हे ध्यानात येऊन त्या लाजल्या, पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पुंजाजीही थांबले.

"पुढचं?" खाजा मियांनी खुणेनं विचारलं.

पुंजाजींनी माइक हाताने झाकला.

"थांबा," ते कुजबुजले. "तिचं हसणं होऊ द्या."