पाडव्याचे फुगे

सुचेतानं पाण्याची बादली रॉकेटांच्या शेजारी आदळली, तसं निम्मं पाणी सुश्रुतच्या बुटांत गेलं.

"अगं, अजून मी काही पेटवलंसुद्धा नाहीये!"

"मग पेटवूच नकोस."

तो हसला. हसायला याचं काय जातंय! इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या या एवढ्याशा बॅक गार्डनमध्ये आज दिवाळीच्या पाडव्याला धमाका करणार, असं सांगून त्यानं ऑफिसातल्या मित्रांना संध्याकाळी घरी बोलावलं होतं. बेत असा, की फुग्यांचा मोठा घोस लांब दोरीला बांधून उंच सोडायचा आणि खालून रॉकेट मारून तो वर आभाळात उडवायचा. लेक अक्षरा फोनवर शूट करणार. आठवडाभर जेवताना दुसरा विषय नव्हता.

सुचेता मात्र सकाळपासून धास्तावली होती. रॉकेट वाकडं गेलं तर? शेजारच्या साराच्या शेडवर पडलं तर? लहानपणी साताऱ्याला तिच्या मामेभावाचा डोळा असाच गेला होता. तिनं आतून अक्षराचा पोहायचा गॉगल आणून नवऱ्यापुढे धरला.

"हा लाव."

"वेडी आहेस का? रॉकेटचं मी बघतो. आणि बाकी काय, फुगेच तर आहेत."

फुग्यांना कोण घाबरतंय? तिनं गॉगल त्याच्या खिशात कोंबला आणि ती आत गेली.

चहाच्या वेळेलाच अंधारून आलं. अक्षरा किचनच्या खिडकीला नाक लावून उभी होती.

"आई, बाबा फुगे बांधतोय. तू ओवाळणार आहे ना? मग फास्ट कर, सगळे येईल आता."

सुचेतानं तबक घेतलं. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. मग निरांजन लावलं. पेटवायच्या आधी ओवाळून घ्यायचं, म्हणजे जे काही व्हायचं असेल ते टळेल, एवढंच तिच्या मनात होतं. वाऱ्यापासून ज्योत पदराआड धरून ती मागच्या दारानं गवतावर आली.

"सुश्रुत, जरा इकडे तोंड कर."

तो वळला. सगळ्या फुग्यांच्या दोऱ्या त्याच्या मुठीत होत्या. तेवढ्यात कुंपणावरून वारा आला आणि अख्खा घोस तिच्याकडे कलला.

सुश्रुतचा चेहरा पांढराफटक पडला.

"दिवा विझव."

"अरे, ओवाळायचा दिवा कोणी..."

"हायड्रोजन आहे फुग्यांत!" त्याचा आवाज फाटला. "सुचेता, विझव!"

शाळेतलं विज्ञान तिला आठवलं नाही. तिनं फक्त त्याचा चेहरा पाहिला. संसाराला पंधरा वर्षं होत आली होती, हा माणूस इतका घाबरलेला तिनं कधी पाहिला नव्हता. देवापुढच्या दिव्यालाही तिनं जन्मात फुंकर घातली नव्हती, आणि हा तर नवऱ्याला ओवाळायचा.

तिनं फुंकर घातली. लाल राहिलेली वात बोटांनी चिरडली. बोटं भाजली, पण हात मागे घेतला नाही. एक फुगा तिच्या गालाला हलकेच घासून गेला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू करूच दिलं नसतंस."

त्यानं मूठ उघडली. फुगे साराच्या चिमणीवरून वर गेले आणि अंधारात दिसेनासे झाले. "बाबा, का सोडला?" म्हणत अक्षरा खिडकीवर थापा मारत होती. पुढच्या दाराची बेल वाजली. सुश्रुत जागचा हलला नाही.

सुचेतानं विझलेलं तबक उजवीकडून डावीकडे नेलं, परत आणलं. मग भाजलेलं बोट कुंकवात बुडवून त्याच्या कपाळाला टेकवलं.

कपाळ घामानं इतकं भिजलं होतं, की कुंकू तिथं ठरेना. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि पुन्हा लावलं.