वच्छलाबाईंची नजर

वच्छलाबाईंची बोटं बारा महिने लाल असत. पोंभुर्ण्याच्या रानात पळस वर्षातून एकदाच पेटतो. त्यांच्या नखांशी तो कायमचा वस्तीला आला होता. चंद्रपूरजवळच्या आमच्या कारखान्यात क्रेनचे पोलादी हूक बनत. बाई त्यांवर लाल द्रव फासत, मुरू देत, पुसून काढत आणि वर पांढरी भुकटी फवारत. कुठे भेग असली, तर तिच्यात दडलेला रंग त्या शुभ्रतेवर रेघ होऊन हळूहळू उमटे. तेवढा वेळ बाई श्वाससुद्धा बेताने घेत आणि पत्र्याच्या फटीतून उतरलेला कवडसा त्यांच्या खांद्यावर थांबून राही.

"काहो बाई, रोज होळी खेळून घरी जाता का?" वेल्डर चिडवत.

"खेळतो ना. ये इकडं, तुले पयले रंगवतो."

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांबरोबर तयार मालालाही कुंकू लागे. दुसऱ्या दिवशी एका हुकाच्या वळणावर बाईंना रेघ दिसली. नव्या तपासणी-कॅमेऱ्यानेही तोच हूक अडवला. दिवा लाल झाला. माल कोळशाच्या खाणीत जायचा होता आणि गाडी दारात उभी होती. व्यवस्थापक हसले.

"पूजेचं कुंकू आहे ते. तुम्ही लोक लावत नाही, तुम्हाला कसं कळणार?"

बाई बौद्ध होत्या. तपासणी विभागाचा प्रमुख मी. मीही हसलो.

बाईंनी हूक धुतला, पुन्हा सगळी तपासणी केली. रेघ पुन्हा उमटली. "भाऊ," त्या मला म्हणाल्या, "कुंकू धुतलं का जाते. हे परत येऊन राह्यलं. याच्याखाली माणूस उभा राहीन."

मग कॅमेऱ्याची मर्यादा सैल केली गेली आणि दिवा हिरवा झाला. बाईंना मात्र कुणाला सैल करता आलं नाही. त्यांचा नकार डावलून हूक गेला, खाणीत फाकला आणि एक मजूर ओझ्याखाली मेला. चौकशीत नोंद झाली: तपासनीस बाईंची दृष्टी अधू, म्हणून भेग सुटली. ते वाक्य माझं आहे. बाईंची नोकरी त्या वाक्याने गेली. व्यवस्थापकांना बढती मिळाली, मला निवृत्तीची शाल.

परवा बाई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला गेलो. मांडवात एक म्हातारा म्हणत होता, "बाई लाख चांगली, पण डोयानं घात केला." त्यांच्या मुलीने मान खाली घातली. मला कुणीतरी आदराने खुर्ची दिली. त्या आदराने माझं अंग पेटलं, तरी तिथे तोंड उघडलं नाही. म्हणून इथे लिहितो. बाईंची नजर शेवटपर्यंत निर्दोष होती. यंत्रही खरं बोललं होतं. खोटी होती ती आम्ही माणसं, मी धरून.

काळ माणसं विसरतो, पण त्यांच्याविषयी लिहिलेलं खोटं जिवापाड जपतो. आणि ते लिहिणाऱ्याला त्यांच्याहून लांब आयुष्य देतो.