घरात शिरलेली

पडद्यावर दाराची मूठ अर्धी फिरून थांबली होती — पितळेची, वर बोटांचा ओलसर डाग असलेली — आणि उत्तराला त्या आवाजासाठी शब्द हवे होते. 'दाराची मूठ फिरते' यात काही नव्हतं; मूठ कोणीही फिरवतं, घरचं माणूससुद्धा. 'मूठ हलके फिरते'... हो, भीती त्या 'हलके'त होती. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी सिनेमातले आवाज पडद्याखाली मराठीत लिहायचे, हे तिचं काम. आणि गेले काही दिवस तिच्या वाट्याला घरात शिरणाऱ्यांचेच सिनेमे येत होते. रानाकाठचं एकटं घर, आत एक कुटुंब, बाहेर कोणीतरी. मालाडच्या चौदाव्या मजल्यावर भर दुपारी हेडफोन चढवून ती दुसऱ्यांच्या घरात माणसं शिरताना बघत बसायची.

एव्हाना तिला त्यातली मेख कळली होती. कुऱ्हाडीने दार फोडणारा तसा बिनधोक. तो आवाज करतो, अजून बाहेर आहे हे तरी कळतं. खरी भीती असते ती दार धड असताना — स्वयंपाकघरात कोणी अनोळखी उभं असतं, घरातलाच पेला घेऊन सावकाश पाणी पीत असतं, आणि त्याला कसलीच घाई नसते. भिंती त्याच, भांडी तीच, आणि तरीही हे घर आपलं आहे हे आता कोणाला पटवून देता येणार नाही...

"तशी वेळ येणार, वहिनी," दीप्ती, तिची नणंद, काल फोनवर म्हणाली होती. "आज नाही तर उद्या. बाबा तुला ओळखणार नाहीत. स्वतःच्या घरात परकी बाई दिसली ना, की घाबरतील, अंगावर येतील. तू एकटी असतेस दिवसभर. कर्जतच्या त्या वृद्धाश्रमात जागा धरून ठेवलीय मी. रविवारपर्यंत हो-नाही सांग यार, ते लोक थांबत नाहीत." आणि तिचा नवरा हर्षद बूट घालता घालता म्हणाला होता, "तू म्हणशील तसं." तू म्हणशील तसं! बाप तुझा, आणि त्याला घराबाहेर काढायचा शब्द तेवढा माझा.

मार्तंडबाबा आतल्या खोलीत झोपले होते. गिरणीत हयात गेलेला, मालवणहून आलेला माणूस. सुनेशी बोलणं मोजकं. 'पाणी दी', 'हर्षद इलो?' एवढंच. हल्ली तेही चुकायचं. हर्षदला ते कधी भाऊराव म्हणायचे — भाऊराव म्हणजे त्यांचा कधीच वारलेला धाकटा भाऊ. पण उत्तराला त्यांनी अजून दुसऱ्या कोणाच्या नावाने हाक मारली नव्हती. ती रोज सकाळी चहा देताना त्यांच्या डोळ्यांत बघायची. आहे मी अजून? आहे. मग दिवस सुरू व्हायचा.

घसा सुकला होता. सिनेमा तसाच थांबवून, हेडफोन गळ्यात अडकवून ती स्वयंपाकघरात गेली. सरबतासाठी लिंबू कापायला सुरी हातात घेतली आणि पाठीमागे फरशीवर पाय घासल्याचा आवाज झाला — हलके.

बाबा दारात उभे होते. सदऱ्याचं वरचं बटण उघडं, एक हात चौकटीवर. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात ती कुठेच नव्हती.

"कोण गो तू?"

पुढचं सगळं तिला पाठ होतं. आता किंचाळी, आता पळापळ, आता काहीतरी फुटणार. मग एकदम तिला चित्र उलट्या बाजूने दिसलं — दारात घरधनी म्हातारा, एकटा. आत अनोळखी बाई, निवांत, त्याच्या घरातलं लिंबू कापतेय, आणि हातात सुरी. शिरलेली मी आहे. इतके दिवस मी दाराकडे बघत बसले, आणि आत मीच उभी होते! तिने सुरी ओट्यावर ठेवली, दूर सरकवली. मी तुमची सून, असं सांगावं? ते मान्य करणार नाहीत आणि मग...

"मी... आचऱ्याची," ती म्हणाली. माहेरचं गाव. का ते तिलाही कळलं नाही.

"आचऱ्याची? कोणाचा चेडू?"

"बाळा मेस्त्रींचं," तिने वडिलांचं नाव सांगितलं.

"मगे तसा सांग मा!" चौकटीवरचा हात खाली आला. "उभा कित्याक? बस. गावात्‌सून कधी इलंस?"

"आत्ताच."

"आता खंय जातलंस? ऱ्हव हयसरच. सात जणा आसत खोलयेत, आठवा काय जड नाय. जेवलंस?"

ती खुर्चीत बसली. बाबा गिरणीत असताना राहायचे ती परळची खोली तिने पाहिलेली नव्हती, तिच्याबद्दल फक्त ऐकलेलं. गावाहून येईल त्याने थेट आत यायचं, ट्रंक सरकवायची, कामाला लागेपर्यंत राहायचं. कोण, कोणाचा, एवढं विचारलं की झालं. घरात अनोळखी माणूस दिसलं की बाबांच्या मनात आधी काय येतं — जेवलंय का? बस, एवढंच? दीप्ती, अगं हे नव्हतं गं तुला माहीत. मलाही नव्हतं.

बाबा समोर बसले, बिस्किटांचा डबा तिच्याकडे ढकलत.

"लगीन झाला?"

"झालं."

"घोव बरो आसा?"

"बरा आहे."

"मारता-बिरता नाय मा?"

तिला हसू फुटलं. "नाही हो."

"हसा नको. मारल्यान तर माका सांग. तंगडा मोडून हातात देतंय तेच्या."

हर्षदचं तंगडं! ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यात हसण्याखेरीज आणखी काय होतं ते तिने तपासलं नाही. उद्या ते ओरडतीलही. रविवारी दीप्तीला काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं. पण छातीवरचं ओझं उतरलं होतं, ती बिस्कीट खात होती, भूक लागली होती. आठ वर्षांत या माणसाने सुनेला कधी विचारलं नव्हतं, तू बरी आहेस ना.

"आणि सासू-सासरो?" बाबा पुढे झुकून विचारत होते. "सांभाळून घेतत?"

त्यांनी आपल्याला इतक्यात ओळखू नये, असं तिला वाटलं.