मागच्या दारावरचे दोड्डप्पा

विरेशच्या मुलीच्या बारशाला दुसरी पंगत बसायला उशीर झाला. याला श्रीदेवी जबाबदार होती, आणि तिने ते ठरवून केले होते.

श्रीदेवी ही विरेशची चुलत बहीण. सोलापुरातच एम.एस्सी. झाली आणि बंगळुरूच्या एका संस्थेत तिला पीएच.डी.साठी जागा मिळाली. होकार कळवायची मुदत बारशाच्या दिवशी संध्याकाळी संपत होती. घरात तिला कोणाची ना नव्हती, पण कोणी हो म्हणालेही नव्हते. त्या घरात हो म्हणायचे काम विरेशचे वडील भीमाशंकर यांच्याकडे आहे. घरातल्या लहानांचे ते दोड्डप्पा, म्हणजे थोरले काका. मार्केट यार्डाजवळ त्यांचे खताचे दुकान आहे. त्यांची शंका एकच होती.

"पाच वर्षं करनार काय तू तितं?"

श्रीदेवीने सांगून पाहिले होते. मज्जापेशीच्या आवरणात बारीक दारे असतात. निरोप आला की एका दाराने सोडियम आत घुसते. मग दुसरे दार उघडते, त्यातून पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी शांत होऊन पुढच्या निरोपाला तयार होते.

"पोटॅशियम म्हंजे पोटॅशमधलंच की," दोड्डप्पा म्हणाले होते. "ते मी पोत्यानं विकतोय. द्राक्षाला घालतेत. त्याला बंगळूरला कशाला जायचं?"

"पोटॅशियमवर नाही ओ दोड्डप्पा, त्याच्या दारावर काम आहे. दाराला आतून दुसरी प्रथिनं चिकटलेली असतात. दार किती लवकर उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, ते त्यांच्यामुळं बदलतं."

"दार हाय, ते उघडतंय, मिटतंय. त्याला आनि दुसरं कोन कशाला लागतंय? एका दारापायी पाच वर्षं! लोकांना काय सांगू मी?"

तिथे विषय थांबला होता.

बारसे समाजाच्या सभागृहात होते. पुढच्या दाराने लोक आत येऊन पंगतीला बसत आणि जेवण झाले की हात धुऊन मागच्या दाराने बाहेर पडत. हॉल रिकामा झाल्याशिवाय पुढची पंगत बसत नाही. घरच्या कुठल्याही कार्यात मागच्या दारावर दोड्डप्पा असतात. एक हात कडीवर, दुसरा पाहुण्याच्या खांद्यावर. विचारपूस केल्याशिवाय ते कोणाला सोडत नाहीत. त्यांच्या शेजारी, दाराच्या आतल्या बाजूला, विड्यांचे ताट घेऊन त्यांची बायको गंगम्मा, म्हणजे दोड्डव्वा, उभी असते. विचारपूस लांबली की ती नवऱ्याची बाही ओढते, पाहुण्याच्या हातात विडा ठेवते आणि म्हणते, "साकु." कानडीतले हे 'पुरे' ऐकले की कडी निघते.

पहिली पंगत बसत असताना श्रीदेवीने दोड्डव्वाच्या हातातले ताट काढून घेतले.

"दोड्डव्वा, आज तू पहिल्या पंगतीला बस. हुग्गी गरम आहे."

"आनि दार?"

"दारावर दोड्डप्पा आहेत की."

दोड्डव्वाने तिच्याकडे संशयाने पाहिले. पण हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची खीर, गरम खायचा योग तिला घरच्या कार्यात कधी आला नव्हता. ती बसली. श्रीदेवी ताट टेबलावर ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली.

पंगत उठली. दारापाशी आधी आले ते मोहोळचे रेवणप्पा, विरेशच्या सासुरवाडीचे.

"काय रेवणप्पा, जेवलासा?"

"लई झालं."

"हुग्गी परत घेतलासा?"

"एकदा घेतली की."

"एकदाच? माझ्या नातीचं बारसं हाय! विरेश, पाव्हन्यांना बसीव. वाढ."

कडी निघाली नाही. रेवणप्पा परत बसले. त्यांच्या मागच्या बाईंना वांगी तिखट झाली होती का, याचे सविस्तर उत्तर द्यावे लागले. त्यांच्यामागचे गृहस्थ अक्कलकोटचे होते. त्यांना तिकडच्या तुरीचा सगळा अहवाल द्यावा लागला. ओले हात वर धरलेली रांग बेसिनपर्यंत गेली. पुढच्या दाराने दुसऱ्या पंगतीचे लोक आत येतच होते. जेवायचे राहिलेले, जेवलेले आणि परत बसवलेले यांत फरक करणे वाढप्यांना जमेना. रेवणप्पांना दुसऱ्यांदा माघारी पाठवले तेव्हा त्यांनी कमरेचा पट्टा सैल केला.

"अप्पा, दार उघडा!" विरेश ओरडला. "भायेर मानसं उनात हुबी हायत."

"उघडतोय की! मानसाला जेवलास का म्हनून इचारू बी नको का?"

शेवटी दोड्डव्वाच अर्ध्या हुग्गीवरून उठली. हात धुऊन तिने ताट उचलले, बाही ओढली. "साकु!" थोड्या वेळात हॉल मोकळा झाला.

श्रीदेवी पुढे आली. "दोड्डप्पा, तुम्ही दार. दोड्डव्वा ते दुसरं प्रथिन. मला याच्यावर काम करायचंय."

"तू हिला मुद्दाम बसवलीस?"

"हो."

"माझ्या कार्यात? पाव्हनं उनात ठेवून?"

"तेवढं चुकलं माझं. पण प्रयोगात हेच करतात. ते प्रथिन काढून घ्यायचं आणि दाराचं काय होतं बघायचं."

"मी प्रथिन व्हय?" दोड्डव्वा म्हणाली. "बरं झालं. आजवर नुसती कटकट म्हनायचे मला."

दोड्डप्पा पाठ फिरवून कडी चाचपू लागले. श्रीदेवीच्या फोनवर होकाराची मेल लिहून तयार होती. ती आता पुसावी लागणार, असे तिला वाटले.

"हिच्यामुळंच झालं कशावरनं?" दोड्डप्पांनी विचारले. "आज हुग्गी घट्ट झालती. पंखा बी बंद हुता. आनि मोहोळची मानसं सावकाश जेवतेत."

"असेल की. म्हणून एकेक वेगळं तपासायचं. दोड्डव्वा नसताना पंखा चालू. मग दोड्डव्वा असताना पंखा बंद. मग ताट दुसऱ्याच कोणाच्या हातात."

"दुसऱ्या कुनाला जमंल?"

"तेच बघायचंय."

"आनि अशी दारं किती?"

"पोटॅशियमच्या दारांचेच कितीतरी प्रकार आहेत."

"प्रत्येकाला अशी एक?"

"काहींना दोन-तीन."

"दोन-तीन!" दोड्डप्पांनी बायकोकडे पाहिले आणि ते त्या दारांबद्दल मनापासून हळहळले. मग बोटांवर काहीतरी मोजू लागले. हुग्गी, पंखा, मोहोळ. बोटे पुरेनात.

"हे समदं पाच वर्षांत हुतंय व्हय?"

"माहीत नाही, दोड्डप्पा."

"कळीव त्यांना, येती म्हनून."

तिने फोन काढला. दोड्डप्पांनी चष्मा लावून मेल वाचली आणि पडद्यावर 'पाच वर्षे' लिहिले होते तिथे बोट ठेवले.

"हितं सहा वर्षं लिही. आदीच सांगितल्यालं बरं."