अण्णांच्या आलेखावरची सहा मिनिटं

फाइल उघडायची म्हणून थोरलीने माउसला हात घातला खरा, पण बोट काही दाबेना. बावीस वर्षं लोकांच्या डोक्याला तारा लावून मेंदूचे आलेख काढणारी बाई ती. रुग्णालयातल्या त्या विभागात तिच्यावाचून पान हलायचं नाही. झटके येणारी माणसं तिने हसत हसत सांभाळलेली. आणि आज भर सकाळी, पंखा गरगरत असताना, तिला दरदरून घाम फुटला होता, कारण फाइल तिच्या वडिलांची होती, आणि वडील जाऊन तीन आठवडे झाले होते.

अण्णा वजनमाप खात्यात तपासनीस होते. जन्मभर दुकानादुकानांतून हिंडून लोकांचे काटे तपासले. त्यांचा एक नियम घरात सगळ्यांना पाठ होता: मोजताना पारड्याला बोट लागलं, की वजन बाद. मग बोट कुणाचं का असेना!

माणूस गेल्यावर काही उरतं की नाही, यावरून त्यांचं आणि आईचं चाळीस वर्षं वाजत होतं.

“जीव काही बटण दाबल्यासारखा विझत नाही हो,” आई म्हणायची.

“मोजून दाखव,” अण्णा म्हणायचे.

“प्रत्येक गोष्टीला काटा लावायचा नसतो!” असं म्हणून आई तरातरा आत निघून जायची, आणि पाच मिनिटांनी चहाचा कप आदळायला परत यायची.

मग थोरलीच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टरांनी नवा अभ्यास काढला. हृदय थांबल्यावर मेंदूत काय होतं ते बघायचं. बाकीचे डॉक्टर फिदीफिदी हसले. आत्मा शोधायला निघालेत, त्याआधी लिफ्ट दुरुस्त करून द्या म्हणावं! थोरलीने जेवताना ही गंमत सांगितली, आणि तिथेच चुकली. अण्णांचं हृदय तेव्हा दिवस मोजत होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं. “माझं नाव घाल.”

“अहो, मरणाची कसली परीक्षा देताय?” आई रडायलाच लागली. “डॉक्टरांनी माणूस जगवावा. पलीकडे डोकावायचं त्यांना काय नडलंय?”

“का डोकावू नये? काही दिसलं तर तू जिंकलीस, नाही दिसलं तर मी. आणि मी जिंकलो तरी तुला चिडवायला मी नसणार, म्हणजे तुझी चंगळच की!” अण्णा हसले. मग थोरलीकडे वळले आणि हसू गेलं. “जे असेल तेच आईला सांगायचं. तिला बरं वाटावं म्हणून लोणकढी थाप मारलीस तर याद राख.”

थोरली हो म्हणाली. कुठून हो म्हटलं असं तिला नंतर झालं.

शेवटच्या दिवशी दुपारी रुग्णालयात तिनेच टेपने अण्णांचं डोकं मोजलं, लाल पेन्सिलीने खुणा केल्या, तारांची एकवीस बटणं चिकटवली. “आई, त्यांचा हात धर, पण डोक्याला मात्र हात लावू नकोस हं,” असं बजावलं. डॉक्टर शेजारच्या खोलीत आलेखाच्या पडद्यापुढे बसले. अण्णांचे श्वास लांब लांब पडू लागले. थोरलीला आत थांबवेना. ती बाहेर गेली आणि बोळात पाण्याच्या नळापाशी भिंतीला टेकून उभी राहिली. परत आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

दहा दिवसांनी डॉक्टर स्वतः घरी आले. त्यांचा आवाज कापत होता. हृदय थांबल्यावर पूर्ण सहा मिनिटं अण्णांच्या आलेखावर लाट होती, म्हणाले. संथ, एका लयीत.

“सहा मिनिटं होते हे?” आईने दोनदा विचारलं. त्या दिवसापासून ती जेवू लागली, झोपू लागली. अण्णांच्या फोटोकडे बघून म्हणायची, “हरलात बरं का!”

आता शुक्रवारी डॉक्टर हे चारशे लोकांपुढे मांडणार होते. त्याआधी आलेख स्वच्छ असल्याची तंत्रज्ञाची सही लागते. “तुम्हीच करा बाई,” ते म्हणाले होते. “अण्णांनाही आवडलं असतं.”

थोरलीने डोळे मिटून बटण दाबलं आणि मग डोळे उघडले.

सगळ्या रेघा सपाट होत होत्या. आणि मग लाट. पण फक्त तीन रेघांत, कपाळाच्या डाव्या बाजूच्या. विभागात अशा लाटेला ‘कचरा’ म्हणतात. पेशंट दात चावतो, कुणी पलंगाला टेकतं, तार हलते. एरवी डॉक्टरांनीच हा कचरा पहिल्या फटक्यात ओळखला असता. आलेखासोबत खोलीतल्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रण मात्र त्यांनी पाहिलंच नव्हतं. घरच्यांची खासगी वेळ, बघणं बरं नाही म्हणाले.

ते आता तिला बघायचं होतं, आणि तिला दोन्हीकडून भीती वाटत होती. तिथे कुणाचा हात असेल, तर तो आईचा. आणि कुणाचाच नसेल, तर ते अण्णाच. म्हणजे सहा मिनिटं अण्णा होते, आणि आपण नळापाशी उभ्या होतो! यातलं काय असावं असं आपल्याला वाटतंय, हे तिला स्वतःलाच कळेना. तिने चित्रण सुरू केलं.

आईचा हात होता. तारांच्या खालून, कपाळावरून मागे. हात वर, लाट वर. हात खाली, लाट खाली. सहा मिनिटं. मग आईने हात मांडीवर घेतला.

तिने दाखवल्यावर डॉक्टरांनी ते दोनदा पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. “मला दिसायला हवं होतं,” म्हणाले. “मला बघायचंच नव्हतं. आईंना मी सांगू?”

“नको. मी शब्द दिलाय.”

ती घराचे तीन जिने चढून वर गेली. आई टेबलापाशी बसून अण्णांची पितळी वजनं पुसत होती, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. थोरलीने चप्पलसुद्धा न काढता सगळं एका दमात सांगून टाकलं. थांबली असती तर सांगणं झालंच नसतं.

आईच्या हातातलं फडकं थांबलं. “तू नको म्हणाली होतीस. पण कपाळ गार पडत चाललं होतं गं. मीच बिघडवलं का सगळं?”

“पारड्याला बोट लागलं, आई. वजन बाद. ते जिंकले नाहीत, तूही हरली नाहीस.”

इथेच थांबावं, आईने पुढे काही विचारू नये, असं थोरलीला मनापासून वाटत होतं. आईने हातातलं वजन खाली ठेवलं.

“आणि मी हात काढल्यावर?”

थाप थोरलीच्या जिभेवर तयार होती. तेवढ्यात मशीन बंद केलं गं, एवढंच म्हणायचं होतं. कुणाला कळणार होतं?

“सपाट,” ती म्हणाली. “त्यानंतर सगळ्या रेघा सपाट आहेत, आई.”

आईने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं.

“पाठीला रग लागली म्हणून काढला मी,” ती म्हणाली. “काढायला नको होता गं.”